मदत हवी आहे: लेक शाळेतर्फे जपानला जातेय, फॉर्मात नुसतं 'शाकाहारी' लिहून भागेल का?

नमस्कार मंडळी,

लेक नववीत आहे. ऑक्टोबरात तिच्या शाळेतली बारा मुलं आणि दोन शिक्षक दहा दिवसांसाठी जपानला चाललेत. आधी ओसाका, मग मुक्काम ओकायामाला. त्यातल्या चार रात्री मुलं तिथल्या एकेका कुटुंबात राहणार आणि दिवसा त्या घरच्या मुलांबरोबर त्यांच्या शाळेत जाणार. (सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग ज्या कोराकुएन बागेवरून बेतली, ती याच गावातली. बाग आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे आणि आम्ही आजवर दोनदा गेलो असू. आता जपानला जायचं म्हणून परवा तिसऱ्यांदा गेलो.)

व्हिसा, विमा, तिकिटं शाळा बघतेय. मी अडकलेय एका कागदावर. यजमान घरासाठी एक फॉर्म भरायचाय, त्यात 'जेवणातली पथ्यं' म्हणून एकच रेघ आहे. शुक्रवारपर्यंत द्यायचाय.

आमच्याकडे मांस-मासे नाहीत. केकमधलं अंडं चालतं, आम्लेट नाही. हे एका रेघेत कसं बसवू? नवरा म्हणतो, "व्हेजिटेरियन लिही आणि सही कर." पण मागच्या वर्षी गेलेल्या एका मुलाच्या आईने सांगितलं की तिनेही तेच लिहिलं होतं. पहिल्या रात्री समोर मासा आला, आणि उरलेले दिवस पोराने भात आणि टोमॅटो केचपवर काढले. यजमान बाई बिचारी रोज रडवेली व्हायची म्हणे.

बाकीचे प्रश्न:
भेट काय न्यावी? सासूबाईंनी चांदीचं निरांजन काढून ठेवलंय, मी गप्प आहे.
लेकीला दम्याचा पंप लागतो. तो विमानतळावर अडवतात का?
आणि सगळ्यात मोठा. मार्चअखेर त्या घरातली मुलगी आमच्याकडे चार दिवस येणार. त्यांची तेव्हा सुट्टी असते, आमच्याकडे वार्षिक परीक्षा आणि दोन खोल्या. त्याबद्दल पुन्हा विचारीनच, पण कुणी आधी असा पाहुणचार केला असेल तर आत्ताच सांगा.

आगाऊ धन्यवाद.

---

योकोहामाची_खिडकी

ताई, केचप-भाताची गोष्ट वाचून हसू आलं, कारण आमची इथली पहिली दोन वर्षं साधारण तशीच गेली. आता अकरा वर्षं झाली.

नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका. इथे तो शब्द ऐकला की बऱ्याच जणांना 'मटण-चिकन नको' एवढंच कळतं, मासा त्यात धरत नाहीत. आणि खरी मेख दिसणाऱ्या माशात नाहीच, ती दाशिमध्ये आहे. दाशि म्हणजे इथल्या स्वयंपाकाचं मूळ पाणी. बहुतेक घरांत ते कात्सुओ नावाच्या माशाच्या वाळवलेल्या किसापासून किंवा सुक्या बारीक माशांपासून करतात. मिसो सूप, नूडल्सबरोबरचं बुडवायचं पाणी, उकडलेल्या भाज्या, इनारी-सुशीचं गोडसर तोफूचं आवरण, सगळ्यात ते असतं. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, पण पाकिटात सोबत येणाऱ्या सॉसच्या पुडीतही बहुधा माशाची दाशि असते! जपानी करीच्या तयार वड्यांतही बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते, ते वेगळंच.

तेव्हा आधी घरात बसून एक ठरवा: दाशि चालेल की नाही? इथले कितीतरी भारतीय शाकाहारी दिसणारा मासा नको म्हणतात आणि दाशिकडे डोळेझाक करतात. काही जण तेही करत नाहीत. दोन्ही बरोबर, पण यजमानांना आधी कळायला हवं. दाशि नको असेल तर कोंबु या समुद्री शैवालाची किंवा सुक्या शिताके अळंबीची दाशि करता येते. बौद्ध मठांतला स्वयंपाक त्यावरच चालतो, त्यामुळे 'कोंबु-दाशि चालेल' एवढं लिहिलंत तरी त्या बाईंचा जीव भांड्यात पडेल.

लेकीला हे पाठ करू द्या: "निकु तो साकाना वा ताबेमासेन. साकाना नो दाशि मो ताबेमासेन." मांस-मासे खात नाही, माशाची दाशिही नाही.

---

दशमीचा_डबा

तीन पाकिटं दशम्या, दोन पाकिटं भाकरवडी, एक बरणी मेतकूट. विषय संपला.

---

योकोहामाची_खिडकी

@दशमीचा_डबा, मेतकूट जरूर द्या, भात तर रोज मिळणारच. पण मंडळी, ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्याची जुडी आणि मांस असलेलं काहीही बॅगेत नको. विमानतळावर कुत्री असतात हुंगायला.

---

शिंत्रे_बाईंचा_वर्ग

मी पुण्यात जपानी शिकवते आणि अशा दोन-तीन गटांच्या तयारीत होते. वरचा प्रतिसाद उत्तम आहे, फक्त एक भर घालते. यजमान बाईच्या बाजूने तो फॉर्म वाचून बघा. 'हे नको, ते नको, तेही नको' वाचून ती घाबरते, आणि चुकू नये म्हणून अगदी कोरडं काहीतरी देत राहते. केचप-भात असाच होतो. त्यामुळे नकार एका ओळीत आणि खाली चार ओळी काय आवडीने खाते त्याच्या. तोफू, एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), साधा भात, भाज्यांचं तेंपुरा (म्हणजे तिथली भजी, बुडवायच्या सॉसऐवजी मीठ), चीज टोस्ट, बटाटा, रताळं, भोपळा, फळं. अंड्याचंही स्पष्ट लिहा: केकमध्ये चालतं, नुसतं नको. जागा कमी असेल तर वेगळा कागद जोडा, त्याचं कुणाला काही वाटत नाही. उलट आयत्या वेळी ताटात ठेवलेलं न खाणं त्यांना फार लागतं.

तुमच्या मुलीला एक गोष्ट मात्र नक्की समजावून पाठवा, ती म्हणजे आंघोळ. टबात उतरायच्या आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून पूर्ण धुऊन घ्यायचं. टबातलं पाणी घरातल्या सगळ्यांचं एकच असतं, त्यात साबण न्यायचा नाही आणि आपलं झालं म्हणून बूच काढून सोडून द्यायचं नाही. आमच्या एका गटातल्या मुलाने पहिल्याच रात्री सोडलं! बाकी स्टूल, छोटी बादली, अंगावर ओतून घेणं हे आपल्याला काही नवं नाही.

संडासात वेगळ्या सपाता असतात, त्या तिथेच काढून बाहेर यायचं. आणि मोज्यांना भोकं नकोत, दारात सारखे बूट काढावे लागतात.

---

गठुडं

निरांजन नको हो! फार महाग भेट दिली की त्यांना परतफेडीचं ओझं होतं. सावंतवाडीची छोटी लाकडी फळं, वारली चित्राचं काहीतरी, चहा, असं माफक द्या. खायचं दिलंत तर आतल्या पुड्या सुट्या बांधलेल्या बऱ्या, त्यांना शेजारीपाजारी वाटता येतात. चार नग देऊ नका: चारचा उच्चार 'शि', तोच मृत्यूचा. नऊचा 'कु', तो दुःखाचा. कंगवा म्हणजे 'कुशि', दोन्ही एकत्र. दोन हातांनी द्यायचं, आणि त्यांनी लगेच उघडलं नाही तर लेकीने हिरमुसायचं नाही.

---

औषधवाला

पंपाबद्दल: डॉक्टरांनी लिहून दिलेलं नेहमीचं औषध एक महिन्यापुरतं असेल तर वेगळी परवानगी लागत नाही. मूळ खोक्यात ठेवा, सोबत इंग्रजी चिठ्ठी द्या आणि पंप हातातल्या बॅगेत. सावध राहायचं ते सर्दीच्या गोळ्यांबाबत. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं तिथे नेता येत नाहीत. घरातला गोळ्यांचा डबा उचलून तसाच भरू नका, वेष्टनं वाचा.

शिवाय तिथे वीज १०० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचा. फोनचा चार्जर अडॅप्टर लावून चालेल, केस वाळवायचं यंत्र घरी राहू दे. अचानक फोन किंचाळला तर ती भूकंपाची सूचना असते. 'सेफ्टी टिप्स' अ‍ॅप आधीच टाकून ठेवा. रुग्णवाहिकेला ११९, पोलिसांना ११०.

---

उंदीरमामा

तिकडच्या शाळेत मुलांना आपल्याबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगतात, त्यासाठी एक देतो. आपला गणपती बौद्ध धर्माबरोबर जपानात पोचला, तिथे त्याला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात. तोक्योच्या आसाकुसा भागात मात्सुचियामा शोदेन म्हणून देऊळ आहे, तिथे त्याला चक्क मुळा वाहतात. मूर्ती लोकांना दाखवत नाहीत. आणि कांगिदान नावाची तळलेली मिठाई मोदकाचीच नातेवाईक. सरस्वतीसुद्धा तिथे बेंझाइतेन या नावाने नांदते. पोरगी ताजमहालाची स्लाइड लावण्यापेक्षा हे सांगेल तर वर्ग जागा राहील.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं शाळेच्या माहितीसभेत दोन तास बसूनही कळलं नव्हतं.

काल जेवताना दाशिचा विषय काढला. नवरा म्हणाला, चालेल. सासूबाई म्हणाल्या, मुळीच नाही. मग लेकीला विचारलं, जाणार तीच आहे ना. ती म्हणाली, "मला आधी सांगितलं तर मी खाणार नाही. न सांगता सूप दिलं तर मी खोदून विचारणार नाही." यावर सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "लिही, ते शेवाळाचं चालेल म्हणून." तेच लिहिलंय. खाली नऊ पदार्थ लिहिले होते, @गठुडं यांचं वाचून घाईघाईने दहावा टाकला: रताळं.

निरांजन कपाटात परत गेलं. लाकडी फळांची परडी घेतली. गणपतीला मुळा वाहतात हे मात्र सासूबाईंना अजून पटलेलं नाही. त्यांनी लेकीला देवळाचा फोटो आणायला सांगितलाय, आणि तोक्यो त्यांच्या कार्यक्रमातच नाही, हे सांगायची माझी हिंमत होत नाहीये.

@शिंत्रे_बाई, आता मार्चचं. आमच्या सोसायटीत पाणी सकाळी सहा ते आठ आणि गीझर एकच. रोज रात्री टबात बसणाऱ्या पोरीला हे पत्रात आधीच लिहायचं का, आणि लिहायचं तर तिच्या आईला वाईट न वाटता कसं?