नववीतला मुलगा म्हणतोय बाबाकडे नाशिकला राहायचंय, जाऊ द्यावं का?

अबोली_कोथरूड
नमस्कार सगळ्यांना. जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आमचा घटस्फोट म्युच्युअल कन्सेंटने झाला तेव्हा लेक दुसरीत होता, आता नववीत आहे. कस्टडी माझ्याकडे, त्याच्या बाबांना महिन्यातले दोन रविवार आणि दिवाळी-मेच्या सुट्टीतले अर्धे दिवस, असं कन्सेंट टर्म्समध्ये ठरलंय आणि खरं सांगायचं तर त्यांनी ते नीट पाळलंय, त्याबाबत तक्रार नाही. त्यांनी दुसरं लग्न केलंय, नाशिकला असतात, तिकडे एक छोटी मुलगी आहे आणि माझ्या आधीच्या सासूबाई पण तिथेच.

तर गेल्या आठवड्यात मी किचनमध्ये पोळ्या करत होते आणि हा शेजारच्या खोलीतून मला व्हॉट्सअ‍ॅप करतोय. समोर येऊन बोलला नाही. अक्षरशः मुद्द्यांची यादी, की दहावीपासून मला बाबाकडे राहायचंय, तिथे आजी आहे, गच्ची आहे, बाबा अभ्यासावरून ओरडत नाही (महिन्यात दोन रविवार भेटणारा माणूस ओरडणार कधी??) आणि शेवटी 'तू चिडू नकोस, तुला एकटं वाटलं तर मावशीला बोलव'. तो शेवटचा मुद्दा वाचून मला हसावं की रडावं कळेना, तव्यावरची पोळी करपली ती वेगळीच.

त्याला अजून हो नाही की नाही नाही. बाबांशी बोलले तर म्हणतात मी काही शिकवलेलं नाही, पण आला तर मला आनंदच आहे. प्रश्न असा की 14 वर्षांच्या मुलाचं यात किती ऐकायचं, आणि कोर्टात परत जावं लागतं का?

सह्याद्री_७२
स्पष्ट बोलतो ताई, राग मानू नका. दहावीच्या तोंडावर घर बदलायचं नाही, सरळ नाही म्हणा. या वयात मोबाईलवरून कोण कमी ओरडतं तिकडे पोरांचा ओढा असतो. चार दिवस रुसेल, मग येईल जेवायला.

वकीलताई_ठाणे
सह्याद्री दादा, एवढं सोपं असतं तर आमची निम्मी प्रॅक्टिस बंद पडली असती 😄

अबोली, कायद्याचं सांगते. '9 वर्षं झाली की मूल स्वतः ठरवतं', कुणी म्हणतं 12, हे सगळं ऐकीव आहे, असा वयाचा आकडा कायद्यात कुठेही नाही. 1890 च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्टमध्ये कलम 17 मध्ये एवढंच आहे की मूल स्वतःची पसंती समजून सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. विचारात घेणं म्हणजे त्याच्या म्हणण्याप्रमाणेच होईल असं नाही, शेवटी बघतात ते मुलाचं हित. पण 14-15 वर्षांच्या मुलाचं म्हणणं कोर्ट हलक्यात घेत नाही, बऱ्याचदा जज चेंबरमध्ये एकट्याशी बोलतात, आई-बाप दोघं बाहेर.

दुसरं, कन्सेंट टर्म्स म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. संमतीने झालेली कस्टडीची ऑर्डरसुद्धा मुलाच्या हितासाठी बदलता येते हे सुप्रीम कोर्टाने 1973 मध्ये रोझी जेकब केसमध्येच सांगून ठेवलंय. तुमचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्याखाली झाला असेल तर कलम 26 खाली त्याच फॅमिली कोर्टात अर्ज करायचा, आणि दोघांची संमती असेल तर भांडणाचा प्रश्नच येत नाही, नव्या अटी लिहून द्यायच्या. नुसतं तोंडी ठरवून पाठवू नका. कागदावर कस्टडी तुमची आणि मुलगा राहतो तिकडे, अशात पुढे कुणाचं बिनसलं की दोघांनाही त्रास. मुलासाठी ठरलेला मेंटेनन्ससुद्धा ऑर्डर बदलेपर्यंत चालूच राहतो, त्यामुळे पैशांचं काय हेही त्याच अर्जात लिहून घ्या.

पाटीवरचा_खडू
मी हायस्कूलला शिकवतो. बोर्ड कुठलं ते लिहिलं नाहीत. सीबीएसई असेल तर नववीतच रजिस्ट्रेशन होतं, दहावीत नव्या शाळेत सहजासहजी घेत नाहीत, कारण द्यावं लागतं, बोर्डाची परवानगी लागते. स्टेट बोर्ड असेल तरी नवी शाळा, नवे सर, प्रॅक्टिकलच्या वह्या, सगळं एका वर्षात कशाला? अकरावीची अ‍ॅडमिशन 2025 पासून अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालीय, तेव्हा नाशिकचं कॉलेज आरामात टाकता येईल. नाही म्हणण्यापेक्षा 'दहावी झाल्यावर' म्हणा, पण मग तो शब्द पाळायला लागेल हां, नुसतं लांबवायचं म्हणून म्हणू नका. पोरं बरोबर ओळखतात.

गड्डा_यात्रा
मी तोच मुलगा होतो म्हणून लिहितोय. आई पुण्यात, पप्पा सोलापूरला, मी अकरावीला पप्पांकडे गेलो. आईला वाटलं तिचं काहीतरी चुकलं, आजीने तर तिला ऐकवलं पण. खरं कारण सांगू का, मला पप्पा फक्त रविवारचे माहीत होते. भेटले की पिक्चर, हॉटेल, नवे बूट. ते ऑफिसवरून वैतागून आल्यावर कसे दिसतात, आजारी पडले की काय करतात, मला काहीच माहीत नव्हतं. गेल्यावर कळलं ते पण अभ्यासावरून ओरडतात, उलट आईपेक्षा जास्त 😅 दोन वर्षं राहिलो, इंजिनिअरिंगला परत पुण्यात आलो, दोघांशी बरं आहे. आईने मला तेव्हा 'तुला मी नको का' हा प्रश्न एकदाही विचारला नाही. विचारला असता तर मी गेलो नसतो, पण तिच्याशी नीट बोललो पण नसतो.

निशिगंध
सगळ्यांनी मुलाचं, आईचं, बाबांचं बघितलं, त्या घरातल्या बाईचं कुणी विचारलं का? मी स्वतः त्या जागेवर आहे, नवऱ्याच्या पहिल्या लग्नातली मुलगी 13 व्या वर्षी आमच्याकडे राहायला आली आणि मला चार दिवस आधी कळलं. वाईट काही नव्हतं, गोड पोर आहे, पण तिला खोली कुठली, डबा कोण करणार, तिने उशिरा आल्यावर मी बोलायचं की नाही, काहीच ठरलं नव्हतं आणि पहिले काही महिने घरात सगळेच पाहुण्यासारखे वागत होतो. अबोली, तुम्ही त्या बाईंशी स्वतः फोनवर बोला, अवघड वाटेल तरी. 'बाबाला आनंद आहे' याने घर चालत नाही.

अबोली_कोथरूड
खूप आभार सगळ्यांचे. निशिगंध ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, उद्या फोन करते. काल लेकाशी बोलले, गड्डा_यात्रा दादांचं वाचून, कारण न विचारता नुसतं तिकडचा दिवस कसा असतो ते विचारलं. तर म्हणतो, मला माहीतच नाही, मी कायम सुट्टीतच जातो ना. बोर्ड स्टेटचं आहे. दहावी इथे आणि त्याआधी मे महिना पूर्ण तिकडे, असं सुचवलंय, बाबांनी सुट्टी घ्यायची नाही, रोजचं ऑफिस चालू ठेवायचं. विचार करून सांगतो म्हणालाय. या एका महिन्यासाठी पण अर्ज लागेल का?

वकीलताई_ठाणे
नाही, दोघांची हरकत नसेल तर ईमेलवर किंवा मेसेजवर तारखा लिहून एकमेकांना 'मान्य' म्हणा, पुरे. शाळेचा दाखला मात्र आत्ता अजिबात काढू नका, कुणी घाई केली तरी. अकरावीच्या वेळी ठरलं तर अर्ज निकालाच्या बऱ्याच आधी टाका, मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते.