बी गोठवून ठेवलं की वाण खरंच वाचतो का?

पाऊलवाट:
नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्डमध्ये डोंगर पोखरून ती बियाण्यांची तिजोरी केलीय ना, २००८ पासून सुरू आहे, तिच्याबद्दल वाचत होतो. दोन प्रश्न पडलेत. बी तर जिवंत असतं, मग उणे १८ डिग्रीत मरत कसं नाही? आणि जास्त उत्पन्न देणारे नवे वाण हाताशी असताना, कुणी पेरतही नाही असे लाखो जुने वाण एवढा खर्च करून कशाला जपायचे? खोडी काढत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

अंकुर:
बियातल्या पाण्याचा बर्फ झाला की पेशी फाटतात, बी मरतं ते त्याने. म्हणून आधी वाळवतात, पण उन्हात अजिबात नाही, साधारण १५ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत सावकाश, ओलावा ३ ते ७ टक्क्यांवर आला की फॉइलच्या पाकिटात सील करून फ्रीझरमध्ये. ढोबळ हिशोब असा की ओलावा १ टक्क्याने उतरला की बियाचं आयुष्य दुप्पट, तापमान ५ डिग्रीने उतरलं की परत दुप्पट, अर्थात एका मर्यादेपर्यंतच.
पण ठेवलं आणि विसरलं असं चालत नाही हो. मूळ बीज बँकेत, म्हणजे जिथून बी स्वालबार्डला जातं तिथे, दर काही वर्षांनी पाकीट उघडायचं, मोजून बिया ओल्या कागदाच्या गुंडाळीत ठेवायच्या आणि काही दिवसांनी गुंडाळी उलगडून किती कोंब आलेत, त्यातले धडधाकट किती, वाकडे किती ते मोजायचं. उगवणक्षमता सुरुवातीच्या ८५ टक्क्यांखाली गेली की तो वाण पुन्हा शेतात लावायचा, शेजारच्या वाणाचे पराग लागू न देता, आणि ताजं बी धरायचं. खरी मेहनत ही आहे, आणि पैसे कमी पडले की पहिलं हेच काम मागे राहतं, याचं मला फार वाईट वाटतं.

कणीस:
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. १९७० साली अमेरिकेत मक्यावर करपा आला. तिथला बहुतेक संकरित मका एकाच प्रकारच्या मादी वाणांपासून केलेला, त्यामुळे सगळीकडे एकच कच्चा दुवा, आणि देशाचं जवळपास १५ टक्के पीक गेलं. भाताचंही तसंच, खुरटवणाऱ्या एका विषाणूला दाद देणार नाही असा वाण शोधायला फिलिपाईन्सच्या भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले, आणि प्रतिकारशक्ती सापडली भारतातून गोळा केलेल्या ओरायझा निवारा या रानभातात. शेतकरी ज्याला तण म्हणून उपटून टाकेल असं ते गवत! त्याचा गुण पुढे आयआर ३६ मध्ये आला, १९७६ साली, आणि तो वाण किती पिकला ते भातवाल्यांना विचारा. उद्या कुठला रोग येणार ते आज कळत नाही, म्हणून सगळंच ठेवायचं.

सांजवारा:
दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला तेव्हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह यांच्या बियाणं जपणाऱ्या संस्थेतले शास्त्रज्ञ भुकेने मेले पण संग्रहातल्या तांदळाला, शेंगदाण्याला हात लावला नाही. स्वतः वाविलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगातच वारले. आणि तिजोरीचा उपयोग होतो का म्हणाल तर सीरियातल्या अलेप्पोजवळची बीज बँक युद्धामुळे चालवणं अशक्य झालं तेव्हा त्यांनीच स्वालबार्डला ठेवलेलं बी २०१५ मध्ये परत मागितलं, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवलं, आणि २०१७ मध्ये त्यातलं ताजं बी पुन्हा तिथे नेऊन ठेवलं. बी ज्याने ठेवलं त्याच्याच मालकीचं राहतं, दुसऱ्या कुणाला काढता येत नाही.

पाऊलवाट:
वा, थँक्यू सगळ्यांना. मग आंबा, नारळ, केळी पण अशीच ठेवतात?

अंकुर:
नाही ना! आंबा, नारळ, कोको, रबर यांचं बी वाळवलं की मरतं, आणि खायच्या केळ्यात तर बीच नसतं. त्यांच्या बागाच राखाव्या लागतात, नाहीतर काचेच्या नळीत छोटी रोपं, किंवा कोंबाचं टोक द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ डिग्रीला. बाग म्हटली की वादळ आलं, रोग आला, सगळंच उघड्यावर. या पिकांची मला जास्त काळजी वाटते.