पांढरीची माती उपसायलेत, त्यातनं खापरं-मणी निघायलेत. काय करू? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. गाव आमचं मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठावर. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की गुप्तधन शोधणारे रात्री बॅटरी घेऊन येतात, आधी एकदा येऊन खड्डे पाडून गेलेत.

गावाच्या खालच्या अंगाला जुनं पांढरीचं, म्हणजे पूर्वीच्या वस्तीच्या मातीचं टेकाड आहे, दोन पुरुष उंच तरी असेल. आमच्या आजीच्या वेळेपासून माळवदावर टाकायला माती तिथनंच आणायचे, बैलगाडीनं, वर्षाला चार-दोन गाड्या. आजी सांगायची की पहिला पाऊस पडून गेला की पोरी पांढरीवर मणी वेचायला जायच्या. आता मात्र जेसीबी लागलाय. जमीन माझ्या चुलत्याची, आण्णांची, त्यांना सपाट करून ऊस लावायचाय आणि निघालेली माती ट्रॅक्टरनं बाहेर चाललीय. गेल्या पंधरा दिवसांत निम्मं टेकाड गेलं.

मी रोज संध्याकाळी जाऊन बघतोय. कापलेल्या कडेला राखेचे काळे पट्टे दिसतात, त्याखाली चोपलेल्या जमिनीसारखी रेघ, मग परत राख. खापरं तर पाटीभर. बरीचशी काळी-तांबडी, पण सगळ्यात खाली जी निघाली ती वेगळीच, तांबूस, पातळ, वर काळ्या रेघा, टिचकी मारली की खणखणीत वाजतात. आणि परवा दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी दिसली, एक फुटलं, आत बारीक हाडं होती. ड्रायव्हर घाबरला, नारळ फोडला, कामगारांनी ती माती तशीच परत आत लोटली. त्या रात्री मला झोप नाही आली.

तक्रार करा असं सगळे म्हणतील. पण आण्णांनी मला खांद्यावर घेऊन वारीला नेलंय, त्यांच्यावर पोलीस आणून मला काही वाचवायचं नाही. त्यांना भीती एकच, सरकारला कळलं की जमीन जाणार. गावातल्या निम्म्या लोकांनाही तेच वाटतं. हे खरं आहे का? आणि मृगाच्या आत मी स्वतः काय काय करू शकतो?

भीमाकाठ: आधी मडक्यांचं. फोटोवरनं कुणी ठाम सांगू नये, पण शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं, तिथं साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली लहान लेकरं अशीच दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून पुरलेली मिळाली. पातळ तांबडी, काळ्या नक्षीची, खणखणीत वाजणारी खापरं ही पण त्याच काळच्या, जोर्वे नावाच्या संस्कृतीची ओळख. तेव्हा ती जागा आता अजिबात हलवू नका. वर गोणपाट आणि माती टाका, आणि खुणेला काठी रोवा.

स्वतः खणू नका हे पहिलं. उत्खननाला परवाना लागतो, संरक्षित नसलेल्या जागीसुद्धा राज्य सरकारला केंद्राची मंजुरी घ्यावी लागते. पण कापलेल्या कडेचे फोटो काढायला कुणाची ना नाही. टेप उभी लावा, प्रत्येक थर वरनं किती फुटांवर आहे ते लिहा, मोबाईलवर लोकेशन घ्या. खापरं थराप्रमाणे वेगळ्या पिशवीत, आत तारखेची चिठ्ठी. सगळी एका पाटीत टाकली की त्यांचं निम्मं बोलणं बंद होतं. कोळसा दिसला तर हात न लावता फॉइलमध्ये गुंडाळा. आणि नाणं निघालं तर चिंचेनं घासू देऊ नका, आपल्याकडं बायका हमखास घासतात आणि अक्षरं जातात.

तेरकर: जमीन जाते ही भीती खरंच सगळीकडं आहे. १०० मीटरमध्ये बांधकाम बंद वगैरे जे ऐकता ते केंद्र सरकारनं रीतसर जाहीर केलेल्या संरक्षित स्मारकांना लागू होतं, नुसतं कळवल्यानं शेत कुणी घेत नाही. उलट न कळवण्यात धोका आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरना कळवावंच लागतं, आणि त्या कायद्यात सापडवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटाही धरलेला आहे. हे आण्णांना नीट बसून सांगा. माती विकायला तहसीलची गौण खनिजाची परवानगी लागते हेही सांगा, पण धमकी म्हणून नको.

आमच्या तेरचं बघा, प्राचीन काळचं तगर नावाचं व्यापारी शहर. रामलिंगप्पा लामतुरे हे गावातलेच व्यापारी, शेतात, पांढरीत सापडलेल्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या, पुढं त्या सरकारला दिल्या आणि आज गावातच संग्रहालय उभं आहे. गावच्या वस्तू गावात राहिल्या. लोकांना हे कळलं की सूर बदलतो.

जुळेसोलापूर: विद्यापीठात प्राचीन इतिहास-पुरातत्त्वाचा विभाग आहे, आधी तिथं जा फोटो घेऊन. मग राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या पुणे विभागाला लेखी अर्ज, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा, एकट्या माणसाचा अर्ज फायलीत पडतो. आण्णांना एकदा हत्तरसंग कुडलला घेऊन जा की, भीमा-सीनेच्या संगमावर. शके ९४०, म्हणजे १०१८ चा मराठी लेख तिथं तुळईवर आहे, आणि मातीखालनं निघालेलं ते ३५९ मुखांचं शिवलिंगही. आपल्याच सीनेचं पाणी आहे ते.

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी आण्णांना कुडलला नेलं. लिंगासमोर बराच वेळ उभे राहिले, काही बोलले नाहीत. येताना गाडीत विचारलं, त्या मडक्यातलं लेकरू किती वर्षांचं असंल? मला सांगता नाही आलं. काल त्यांनी जेसीबी परत पाठवला आणि मडक्याकडची दहा फूट कड तशीच ठेवतो म्हणाले, पाऊस पडेपर्यंत. बाकीचं शेत मात्र सपाट होणार, त्यावर ते ठाम आहेत, आणि मला त्यांचं चूक वाटत नाही, कर्ज आहे. मंगळवारी विद्यापीठात चाललोय. माती चाळायला गावातल्या सहा-सात बायका तयार आहेत, मणी ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आता फक्त थरांची मापं नीट घ्यायला येणारं कुणी हवंय. सोलापूर, मोहोळ, पंढरपूरकडचं कुणी अशा कामावर जाऊन आलेलं असेल तर प्लीज मेसेज करा. राहायची-जेवायची सोय आमच्या घरी.