कळंब्यातल्या मुलाखती पुरेशा नाहीत

चोऱ्यांवरच्या प्रबंधाला कोल्हापूरच्या कळंबा जेलमधल्या ४० कैद्यांच्या मुलाखती पुरेशा होतील, असं कुणीतरी सुचवलंय. मला हे अजिबात पटत नाही. एका दिवशी आत जाऊन नमुना घेतला की लांब मुदतीचे कैदीच जास्त भेटतात. १५ दिवसांत जामिनावर सुटलेलं पोरगं त्यात येतच नाही. त्यापेक्षा परवानगी काढून जेलमध्ये वर्षभरात दाखल झालेल्या कैद्यांच्या नोंदींतून दर दहावं नाव घ्या. तरी न पकडलेले चोर बाहेरच राहतात, ते प्रबंधात स्पष्ट लिहा.

आणि संदर्भात नुसतं 'एनसीआरबी' (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी केंद्र सरकारची संस्था) नको! वर्ष, खंड, तक्ता क्रमांक हवाच. एकाच एफआयआरमध्ये खून आणि चोरी असेल तर एनसीआरबीच्या आकडेवारीत फक्त खून मोजतात, म्हणजे चोरीचा आकडा मुळातच कमी दिसतो.