बाबांच्या क्लिक-थ्रीचे निगेटिव्ह: ६५ चे की ७१ चे?

रावपुऱ्याचा बाळ्या
माळ्यावरच्या ट्रंकेत, सुपारीच्या डब्यात बाबांचे १२० फिल्मचे (जुनी रुंद फिल्म) दोन रोल सापडले. कॅमेरा आग्फा क्लिक-थ्री, आपल्या बडोद्यातच बनायचा तो. बाबा कॅमेरा डोळ्याला न लावता पोटाशी धरून रावपुऱ्यातून मांडवीपर्यंत चालत जायचे. आई म्हणते, फोटो काढतायत की किल्ली शोधतायत तेच कळायचं नाही. त्यामुळे निम्म्या फ्रेम तिरक्या, काही डोकी उडालेली.

एका फ्रेमवर अडकलोय. लहरीपुरा दरवाजापाशी नऊवारीतली बाई, हातात रॉकेलचा डबा. टेकलेला पाय स्पष्ट, उचललेला पुसट. मागे अँबॅसेडर, हेडलाईटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. म्हणजे पाकिस्तानशी युद्धातल्या ब्लॅकआऊटचे दिवस. पण सप्टेंबर ६५ की डिसेंबर ७१? बाबा नाहीत, आईला आठवत नाही. शिवाय पट्ट्यांची पार सुरळी झालीय, स्कॅन कशा करू?

दांडियाबाजारचे काका
बाळ्या, हेडलाईटवर जाऊ नकोस. आमच्या शेजाऱ्यांच्या फियाटवर तो रंग लढाई संपल्यावर वर्षभर होता, खरवडायचा कंटाळा! लोकांच्या अंगावर काय आहे ते बघ. सप्टेंबरात बडोद्यात स्वेटर कोण घालतो?

७१ ला मी सहावीत. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी हल्ला झाला, १७ ला युद्ध थांबलं. जेमतेम दोन आठवडे. काचांना खाकी कागद, खाली वॉर्डनची शिट्टी आणि ‘लाईट बंध करो!’ दिवसा मात्र भाजीच्या लाऱ्या (हातगाड्या), शाळा, रॉकेलची रांग, सगळं जिथल्या तिथे. म्हणून तुझ्या बाबांच्या फोटोत लढाई दिसणार नाही, दिसली तर एखाद्या दिव्यावर.

डार्करूममधला
पाय पुसट येणारच, क्लिक-थ्रीचा शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास. फिल्मची कड भिंगातून बघा. तिथे ‘इंदू’ हे भारतीय फिल्मचं नाव असेल तर ६५ बाद, उटीच्या कारखान्याचं उत्पादनच १९६७ चं. पट्ट्या कोऱ्या कागदात घालून आठवडाभर जाड पुस्तकांखाली ठेवा. व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म खराब होतेय, तो रोल वेगळा काढा. स्कॅन करताना मागून उजेड हवा म्हणून पट्टी मोबाइलच्या उजळ स्क्रीनवर थेट ठेवू नका, स्क्रीनचे ठिपके उमटतात. मधे दुधी ऍक्रेलिक, दोन इंच अंतरावर. फोटोतल्या दुकानाची पाटी उलटी दिसली तर पट्टी पालथी करा.

(जाता जाता: भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला पुढे बडोद्यात राहायला आल्या, पण कॅमेरा १९७० लाच खाली ठेवलेला. त्या डिसेंबरातला रावपुरा तुमच्या बाबांवरच सोडलेला दिसतो.)

रावपुऱ्याचा बाळ्या
कडेला ‘ऑर्वो’ (पूर्व जर्मनीची फिल्म) निघालं, म्हणजे तो रस्ता बंद. पण काका, बाईच्या मागे एक सायकलवाला आहे, अर्धाच आलाय. कानाला मफलर! बहुतेक ७१ च. वास एकाच रोलला येतोय, तो आधी करतो. दुधी ऍक्रेलिकचा तुकडा सुटा कुठे मिळेल?

दांडियाबाजारचे काका
पाट्या बनवणाऱ्याकडे मिळेल, कापून उरलेला. आणि तो मफलरवाला नीट दिसला की फोटो टाक. आमचे मोठे बंधू तेव्हा सायकलवर असायचे.