बी विंगचे पाणी

बी-३०२, सकाळी ७:४०
सर्वांना नमस्कार. आमच्या गिझरची कॉइल आज पुन्हा जळाली असून दीड वर्षातली ही तिसरी आहे. मिस्त्रीने ती बाहेर काढली, तेव्हा तिच्यावर खडकाला चिकटलेल्या कालवांसारखा जाड पांढरा थर होता. "सरकारी पाणी बिघडले आहे," एवढे सांगून तो मजुरी घेऊन गेला. ज्यांच्याकडे असेच घडत आहे त्यांनी कृपया येथे लिहावे, म्हणजे चतुर्थीपूर्वी काही निर्णय होईल. मागच्या चतुर्थीला पाहुण्यांसमोर काय झाले ते मी पुन्हा सांगत नाही.

बी-१०४, ७:५२
आमचा गिझर अजून शाबूत आहे, परंतु रविवारच्या पातळ भाजीचे वाटाणे रात्रभर भिजवूनही सहा शिट्ट्यांत शिजले नाहीत आणि शेवटी आम्ही पाव चहात बुडवून खाल्ले. शॉवरची निम्मी भोके बुजली असल्यामुळे आंघोळ माझी होते आणि भिंतीचीही.

सचिव, ८:०५
सदस्यांच्या भावना समजल्या. पाणीपुरवठा विभागाला द्यावयाच्या तक्रारीचा मसुदा तयार आहे. स्वाक्षरीसाठी वॉचमनकडे ठेवत आहे.

ए-१०१, ८:३१
पत्र पाठवण्यापूर्वी एक विनंती. कांदोळीला नळाने येणारे पाणी अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येते, आणि ते नदीचे व तिळारीच्या कालव्याचे असते. सह्याद्रीचा काळा खडक आणि आपली चिऱ्याची जमीन यांवरून वाहत येणाऱ्या पावसाच्या पाण्याला वाटेत चुनखडी फारशी भेटत नाही, म्हणून असे पाणी सहसा मऊ, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार कमी असलेले, असते. आपल्याकडे मात्र नळाचे पाणी आणि बोअरचे पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत पडते आणि तेथून वर चढते. तेव्हा दोन्ही पाणी आधी वेगवेगळे तपासावे.

सचिव, ८:४०
काकांच्या अभ्यासाबद्दल आदर आहे. बोअर टाकीला जोडण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत संमत झाला होता, कारण टँकरची बिले कोणालाच भरायची नव्हती. इतिवृत्तात तिसरी स्वाक्षरी काकांचीच आहे, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

ए-१०१, ८:४३
स्वाक्षरी बोअर घेण्यासाठी केली होती आणि ते पाणी बागेला व गाड्या धुण्याला वापरायचे ठरले होते. दोन्ही पाणी आधी वेगवेगळे तपासावे.

सी-२०२, ९:१५
माझ्या माहितीत एक चुंबकीय उपकरण आहे. ते पाइपला बाहेरून बांधतात आणि क्षार आपोआप विरघळतात. सोसायटीला सवलतीत मिळेल.

बी-१०४, ९:१७
सवलत देणारे आपले मेहुणेच आहेत ना? मागच्या वर्षीचा सवलतीतला पंपही त्यांच्याकडूनच आला होता. तो आता जिन्याखाली विश्रांती घेत आहे.

सी-२०२, ९:१९
व्यक्तिगत उल्लेख टाळावेत.

ए-१०१, ९:३०
चुंबकाने पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नाहीसे होत नाहीत. ते काढायचे असतील तर रेझिनचा सॉफ्टनर लागतो. त्यात हे दोन्ही धरले जातात आणि बदल्यात सोडियम पाण्यात उतरते, म्हणून ठरावीक काळाने त्याला मीठ घालावे लागते. ते पाणी आंघोळीला आणि गिझरला उत्तम आहे, पण रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी पिण्यासाठी वेगळी सोय ठेवलेली बरी. मात्र खर्च करण्यापूर्वी दोन्ही पाणी आधी वेगवेगळे तपासावे.

सी-४०१, ९:४४
या पाण्याने माझे केस गळू लागले आहेत. शिवाय मुतखडा होतो असेही ऐकले. याची जबाबदारी कमिटी घेणार आहे का?

बी-१०४, ९:४६
भाऊ, आपल्या केसांनी बोअर खोदण्याच्या आधीच स्थलांतर केले होते. गृहप्रवेशाचे फोटो माझ्याकडे आहेत.

ए-२०३, १०:०२
डॉक्टर म्हणून सांगते की जड, म्हणजे असे क्षार जास्त असलेल्या कठीण पाण्याने केस राठ आणि निस्तेज होतात, साबणाची साय त्वचेवर राहते आणि लहान मुलांना खाजही सुटू शकते. मुतखड्याबाबत मात्र पाण्याच्या कठीणतेमुळे आरोग्याला अपाय होतो असा ठोस पुरावा जागतिक आरोग्य संघटनेलाही आढळलेला नाही. या उन्हाळ्यात पाणी कमी पिण्याची भीती त्याहून मोठी आहे.

बी-३०२, १०:२०
माझा प्रश्न गिझरचा होता.

सी-२०२, १०:२४
माझ्या टीडीएस मीटरवर आकडा फार मोठा नाही. उगाच बाऊ होत आहे.

ए-१०१, १०:५०
तो मीटर विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो. त्यात कठीणता किती, हे त्याला कळत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. क्लोराइडसाठी, म्हणजे खारेपणासाठी, हेच आकडे २५० आणि १००० आहेत. आपल्याला क्लोराइडचा आकडा अधिक महत्त्वाचा आहे, कारण किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपशामुळे विहिरीची पातळी १ मीटर उतरली आणि तशीच राहिली, तर खालची खारी सीमा ढोबळमानाने ४० मीटर वर सरकू शकते. मे महिन्यात आपला पंप रात्रभर चालतो आणि मी झोपमोडीची तक्रार केली की हसतात, पण त्या आवाजाबरोबर समुद्र वर येत असावा अशी मला शंका आहे. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियम सुमारे तिप्पट असते, आणि त्या जातीची कठीणता उकळूनही जात नाही. म्हणून दोन्ही पाणी आधी

बी-१०४, १०:५१
वेगवेगळे तपासावे.

सचिव, ११:०५
बोअर बंद ठेवला तर बी विंगला सकाळी सहानंतर पाणी पोहोचणार नाही. मग हेच सदस्य मला दूरध्वनी करतील, याची नोंद घ्यावी.

बी-३०२, ११:४०
मी वाद घालत बसण्याऐवजी करून पाहिले. दोन सारख्या बाटल्या घेतल्या, एकीत मीटरजवळच्या तोटीचे, म्हणजे टाकीत पडण्यापूर्वीचे पाणी भरले आणि दुसरीत आमच्या मोरीतले. दोन्हींत कपड्यांच्या साध्या साबणाचा सारखाच कीस टाकून तेवढेच हलवले. पहिली बाटली गळ्यापर्यंत फेसाने भरली, दुसरीत दह्यासारख्या गुठळ्या तरंगत आहेत. फोटो टाकला आहे. मिस्त्रीचे म्हणणे मी सकाळी पडताळणी न करता लिहिले, ते मागे घेते.

सी-४०१, ११:४४
साबण कोणता वापरला, हेही महत्त्वाचे आहे.

बी-३०२, ११:४५
एकच वडी होती, भाऊ.

ए-२०३, १२:१०
तोट्यांवरच्या थरासाठी आमच्याकडे बिंबले, ही आंबट फळे, चिरून लावतात आणि तासाभराने घासतात. झाड गेटजवळ आहे, कोणीही न्यावीत. संगमरवरी ओट्यावर मात्र लावू नयेत, दगड खाल्ला जातो.

सचिव, १२:३५
पत्र तूर्त थांबवले आहे. गुरुवारी दोन्ही ठिकाणचे नमुने प्रयोगशाळेत देऊ आणि बाटल्यांवर लेबल काका स्वतः लावतील. आज रात्रीपासून बोअरची टाकीकडे जाणारी झडप बंद ठेवतो, मात्र तिच्या पेटीची किल्ली सापडत नाही. सवलतीतला पंप बसवताना ती ज्यांनी नेली होती, त्यांनी संध्याकाळपर्यंत आणून द्यावी.

सी-२०२, १:२०
शोधतो.