अपघाताचं कारण दरवेळी 'अतिवेग'च कसं?

उतारावरचा
रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 4,61,312 अपघात आणि 1,68,491 मृत्यू आहेत. त्यातले 71 टक्के मृत्यू एकट्या 'अतिवेगा'च्या रकान्यात. दुभाजकातली फट, बंद दिवे, चुकीचा उतार यांनी जवळजवळ कुणाला मारलंच नाही म्हणायचं! 2021 पासून पोलिसांच्या मोबाईलवर अपघात नोंदीचं अ‍ॅप आहे (आयआरएडी, आता ई-डार), पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्रही होता. माझं म्हणणं एवढंच: ठिकाणासकट ही माहिती सगळ्यांना उघडी करा. मग कुठला रस्ता माणसं खातोय ते लपणार नाही.

कात्रजकर
असहमत. पुण्याच्या नवले पुलाचा उतार धोक्याचा आहे हे सांगायला डेटा कशाला? तिथला कुठलाही रिक्षावाला सांगेल. नोव्हेंबर 2022 मध्ये एकाच अवजड वाहनाने डझनावारी गाड्या चेपल्या, सगळ्या चॅनेलवर दिसलं. माहीत सगळ्यांना आहे, करायचं कुणाला नाहीये. नकाशा उघडा केलात तर त्यावर लाल ठिपके मोजत बसू, दुसरं काय.

उतारावरचा
पण तुमच्याच उदाहरणात बघा. ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी तेव्हा प्राथमिक तपासात सांगितलं. हे 'अतिवेग' म्हणून नोंदलं तर उपाय काय? स्पीड कॅमेरा. खरं कारण नोंदलं तर उतार सुरू व्हायच्या आधी, कात्रज बोगद्यापाशीच गाड्या थांबवून ब्रेक तपासायचे. दोन्हींत केवढा फरक आहे!

निवृत्त_हवालदार
खात्यात तीस वर्षं काढली, म्हणून लिहितोय. पावसात रात्री दोन वाजता हायवेवर पंचनामा कसा होतो ते बघितलंय का कुणी? एक जण टॉर्च धरतो, एक जण टेप. मागे दोन किलोमीटर वाहनं तुंबलेली, वरून फोन, 'रस्ता मोकळा करा'. घसरल्याच्या खुणा मोजायच्या आत क्रेन येते. पूर्वी दंड संहितेचं कलम 279, 304-अ लागायचं, आता न्याय संहितेचं 281 आणि 106. त्यात 'भरधाव, हयगयीने' हे शब्द लागतात, तेच पुढे 'अतिवेग' होतात. कलमाला ड्रायव्हर लागतो हो, खड्ड्याला अटक करता येत नाही. नोंद चौकीत येऊन भरली तर नकाशावरचा ठिपकाही चौकीवरच पडतो. असली माहिती उघडी करून काय होणार?

सांगलीची_सून
हवालदारकाका, शेवटचं वाक्य सोडून सगळं पटलं. माझे दीर दुचाकीवरून वळणावर पडले, तिथे खडी पसरलेली होती. कागदावर 'स्वतःच्या चुकीने' लिहिलं. विम्याच्या वेळी तेच आडवं आलं. कागद चुकीचा आहे हे घरच्यांना वर्षभराने कळलं. उघडा असता तर त्याच आठवड्यात भांडलो असतो.

कात्रजकर
ताई, वाईट झालं. पण भांडून खडी हलली असती का? ब्लॅक स्पॉटची, म्हणजे सरकारी यादीतल्या अपघाती जागेची, व्याख्याच बघा: 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत गंभीर किंवा जीवघेणे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू. म्हणजे आधी माणसं मेली पाहिजेत, मग ठिपका.

उतारावरचा
व्याख्येबद्दल मान्य. पण काहीच होत नाही हे नाही मान्य. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर 2016 मध्ये 151 जण गेले होते. त्याच सुमारास प्रत्येक अपघाताच्या जागी जाऊन तपास सुरू झाला, कठडे, उभ्या गाड्या, सगळं बघितलं. 2019 मध्ये आकडा 92 वर आला. 2020 चा मुद्दाम देत नाही, लॉकडाउन होता.

निवृत्त_हवालदार
तिथे तपासाला वेगळी माणसं होती, आमच्याकडे मोर्चा, बंदोबस्त आणि अपघात एकाच शिपायाच्या गळ्यात. आणि एक राहिलं. त्या अ‍ॅपात रस्त्याची बाजू भरायची ती बांधकामवाल्या इंजिनिअरने. जागेवर यायचं, उतार, वळण, पाट्या बघून भरायचं. आमच्या हद्दीत तो येईपर्यंत रस्त्यावर नवीन डांबर पडलेलं असायचं.